भाग ३४ : ‘नेटवर्क आलं’ म्हणजे नक्की काय आलं?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. एका शनिवारी रात्री लाइट गेली, थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. लाइट आल्यावर सगळी मशीन्स आपोआप उठली आणि सोमवारी सगळं नेहमीसारखं चालू होतं. अकरा दिवसांनी डेटाबेस अचानक बंद पडला. कारण? डिस्क फुल.

गंमत म्हणजे बॅकअप झाल्याचा मेल रोज येत होता, आणि बॅकअप होतही होता. फक्त तो एनएएसवर जात नव्हता. लिनक्समध्ये माउंट पॉइंट म्हणजे शेवटी एक साधा रिकामा फोल्डर. त्यावर शेअर जोडलंच गेलं नाही, तर स्क्रिप्ट बिनतक्रार त्या फोल्डरमध्येच लिहीत राहते. म्हणजे अकरा दिवसांचे बॅकअप, ज्या डिस्कसाठी घेतले त्याच डिस्कवर! त्या दिवसांत डिस्क गेली असती तर मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही एकदमच गेले असते.

लॉगमध्ये एकच ओळ होती: माउंट एरर १०१, नेटवर्क अनरीचेबल. माउंटने प्रयत्न केला तेव्हा नेटवर्क आलेलं नव्हतं. काही सेकंदांत ते आलं, पण पुन्हा विचारायला कोणी गेलंच नाही. टीममधल्या सीनियरने सांगितलं, “अरे, स्लीप ३० टाक आणि विषय संपव.” मी टाकलंही. पण डोक्यातून जाईना. हा प्रश्न इतका जुना, मग अजून सुटला कसा नाही?

तर चला, मागे जाऊ.

१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणलं. दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरायची, ही कल्पना जबरदस्त होती. पण तिने एक जुनं गृहीतक मोडलं. तोवर डिस्क म्हणजे केबलने जोडलेली वस्तू. मशीन उठलं की डिस्क आहेच. आता डिस्क मिळायची तर आधी नेटवर्क हवं, आणि पलीकडचं मशीनही जागं हवं.

त्या काळचं बूट म्हणजे रांग. सिस्टिम फाइव्ह इनिटमध्ये प्रत्येक स्क्रिप्टच्या नावात एक आकडा असायचा आणि त्या क्रमाने एकेक स्क्रिप्ट चालायची. रेड हॅटवर नेटवर्कचा नंबर १० होता आणि नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिम जोडणाऱ्या स्क्रिप्टचा २५. दहा झाले की अकरा, असं करत पंचवीस. साधं, सोपं, आणि हळू. खरं सांगायचं तर या हळूपणानेच आपल्याला वाचवलं. दहा ते पंचवीसच्या मध्ये इतका वेळ जायचा की तोवर नेटवर्क तयार झालेलं असायचं. क्रम बरोबर होता म्हणून माउंट चालतंय असं सगळ्यांना वाटायचं. बरेचदा ते नुसत्या उशिरामुळे चालायचं.

मग लॅपटॉप आले, वायफाय आलं, यूएसबी आली. वस्तू कधीही येणार, कधीही जाणार. २००६ मध्ये उबुंटू ६.१० मध्ये अपस्टार्ट आलं, स्कॉट जेम्स रेमनंट यांनी लिहिलेलं. त्यात आकडे नाहीत, घटना. अमुक घडलं की तमुक सुरू कर.

३० एप्रिल २०१० ला लेनार्ट पोटरिंग यांनी एक लांबलचक लेख लिहून सिस्टिमडी जगापुढे ठेवलं. शक्य ते सगळं एकाच वेळी सुरू करायचं, हा त्याचा गाभा. मे २०११ मध्ये फेडोरा १५ ने ते स्वीकारलं, आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने. बूट मिनिटावरून सेकंदांवर आलं. आणि तो जुना, फुकटचा उशीर संपला.

इथे ‘नेटवर्क आलं’ या वाक्याचे दोन अर्थ करावे लागले. नुसतं नेटवर्क टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढंच. पत्ता मिळाला असेलच असं नाही. त्याचा खरा उपयोग मशीन बंद होताना असतो: नेटवर्क जायच्या आधी त्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिस बंद व्हाव्यात म्हणून. पत्ता मिळेपर्यंत थांबायचं तर नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट. एफएसटॅबमधली नेटवर्क माउंट्स सिस्टिमडी आपणहून याच्या मागे उभी करतं. पण प्रत्यक्ष थांबण्याचं काम एक वेगळी ‘वेट-ऑनलाइन’ सर्व्हिस करते. ती बंद असेल तर हे टार्गेट लगेच ‘झालं’ म्हणून मोकळं होतं.

आमच्याकडे नेमकं तेच होतं. बूट लवकर व्हावं म्हणून कोणीतरी ती सर्व्हिस बंद करून ठेवली होती. मी ती चालू केली, स्लीप काढलं, आणि खात्रीसाठी सगळ्यांचीच पॉवर एकदम काढून पुन्हा दिली. माउंट पुन्हा फेल! या वेळी एरर ११३, नो रूट टु होस्ट. आमचं नेटवर्क तयार होतं, पण एनएएसला उठायलाच चार मिनिटं लागत होती.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ‘नेटवर्क आलं’ ही एकदाच घडणारी घटना नाहीच. ती एक स्थिती आहे, येते आणि जाते. पलीकडचं मशीन कधी उठेल हे आपल्या बूटच्या रांगेला कळणार कसं? मग आकडा द्या, घटना द्या, नाहीतर तीस सेकंद झोपा, रांग कितीही नीट लावली तरी हे उत्तर तिच्यात नाही.

उत्तर जुनंच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सननेच ऑटोमाउंटर आणला होता: बूटला जोडूच नका, कोणी फोल्डर उघडेल तेव्हा जोडा. पोटरिंग यांच्या २०१० च्या त्या लेखातही फाइलसिस्टिमसाठी हीच युक्ती होती. आज एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी डॉट ऑटोमाउंट’ हा एक शब्द लिहिला की काम होतं. एनएएस झोपलेला असेल तर स्क्रिप्टला सरळ एरर मिळते आणि पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न होतो. खोटं यश मिळत नाही.

मी आणखी दोन गोष्टी केल्या. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासणी टाकली: शेअर जोडलेलं नसेल तर थांब आणि बोंब मार. आणि माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटरने इम्यूटेबल केलं. आता चुकूनही रूटला त्यात लिहिता येत नाही, वर माउंट मात्र होतं.

तर मंडळी, आज एक काम करा. तुमचा बॅकअप सर्व्हर रीबूट करा, आणि एनएएस मुद्दाम बंद ठेवून करा. ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल आला, तर समजा की तुमचेही अकरा दिवस सुरू झालेत.

भेटू पुढच्या भागात.