पारो

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सोबतीसाठी बनवलेला, सीलच्या पिल्लासारखा यंत्रमानव. जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून विकसित केला. केसाळ कातडीखालचे संवेदक स्पर्श, आवाज, प्रकाश टिपतात. थोपटले की तो मान वळवतो, डोळे मिटतो, कण्हल्यासारखा आवाज काढतो. गोंजारल्याची आणि मारल्याची त्याची प्रतिक्रिया वेगळी असते. माणसाचे दुःख मात्र त्याला कळते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. अमेरिकेने 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. ऑस्ट्रेलियातील 28 शुश्रूषागृहांतल्या 415 रुग्णांच्या चाचणीत (2017) रुग्ण त्याच्याशी अधिक बोलले. पण अस्वस्थता कमी करण्यात यंत्र बंद ठेवलेला पारोही जवळपास तितकाच उपयोगी पडला. आपल्याकडे मात्र मुंबईजवळच्या अंबरनाथ पश्चिमेसारख्या उपनगरात स्मृतिभ्रंश झालेल्यांची शुश्रूषा बहुधा घरातल्या सुना-लेकीच करतात. यंत्रमानवाच्या आधी त्यांना विसावा मिळायला हवा.