होईल, राज्य करील

'मॅकबेथ'मधल्या तीन चेटकिणींना खरंच भविष्य दिसतं का? वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावानं हे नाटक मराठीत आणलं. मी ते वाचलं बोरिवली लोकलमध्ये, तुकड्यातुकड्यांत, आणि प्रश्न डोक्यातून जाईना.

पहिलं भाकीत बघा. चेटकिणी मॅकबेथला कॉडॉरचा सरदार म्हणून हाक मारतात आणि लगेच राजाचा माणूस तीच बातमी घेऊन येतो. पण राजानं हा निर्णय आधीच्या प्रवेशातच घेतलाय. आपण तो ऐकलाय, मॅकबेथनं नाही. म्हणजे ही फुटलेली बातमी. दुसरं भाकीत, तू राजा होशील. ते तो खून करून स्वतःच खरं करतो. तिसरं, बँकोचा वंश राज्य करेल. गंमत म्हणजे नाटक संपताना गादीवर बसतो माल्कम.

मग तेव्हाच्या प्रेक्षकांना ते खरं का वाटलं? नाटक साधारण १६०६चं. राजा होता पहिला जेम्स, आणि त्याचं घराणं बँकोपासून आलं अशी समजूत होती. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ राज्य करून गेला. बँको मात्र त्या काळच्या नोंदींत नाही. तो अवतरतो १५२७ साली छापलेल्या हेक्टर बोइसच्या इतिहासात. आधी राजघराणं, मग पूर्वज, मग भाकीत. आमच्या भाषेत, मागची तारीख टाकून केलेलं कमिट.

आपल्याकडे विष्णुपुराणात पराशर मैत्रेयाला राजांची यादी सांगतात: नंद, मौर्य, आंध्र म्हणजे आपले पैठणचे सातवाहन. सगळं भविष्यकाळात. होईल, राज्य करील. त्या यादीतला यज्ञश्री माझ्या घरापासून फार लांब नाही. रिक्षानं नॅशनल पार्कचं गेट, पुढं कान्हेरीची बस. तिथं त्याच्या सोळाव्या राज्यवर्षाचा लेख आहे, कल्याणच्या एका व्यापाऱ्यानं लेणं दान दिल्याचा. दगडात राजा 'आहे', पोथीत 'होईल'. पोथीतला हा भाग राजे होऊन गेल्यावरचा. मी याला फसवणूक म्हणणार नाही. सांगणारा जुन्या काळात बसवला की क्रियापद पुढं सरकणारच.

चालत येणारं जंगल आणि आईचं पोट फाडून काढलेला मॅकडफ, इथं मात्र माझी मांडणी अडते. नाटकात तरी चेटकिणींना काहीतरी दिसतं, हे कबूल. फक्त ते ऐकून मॅकबेथ सावध होत नाही, उलट निर्धास्त होतो.

गेल्या वर्षी आईनं माझी पत्रिका दाखवली. तिशीच्या आत परदेशयोग, म्हणाले. मी हसलो. आणि महिन्याभरात मॅनेजरकडे ऑनसाइट मागितलं, ज्याचा विचार आधी कधी केला नव्हता. आता व्हिसा आलाय. आई म्हणते, योग होता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. ते पत्रिकेत कुणी पाहिलं नव्हतं.