मोटार विमा : ‘सर्वसमावेशक’ म्हणजे सारे काही नव्हे

मोटारीचा विमा दरवर्षी न चुकता उतरविणारे अनेक वाहनधारक पॉलिसीची कागदपत्रे मात्र वाचत नाहीत. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या शब्दावरून सारे काही भरून मिळेल, असा समज होतो. प्रत्यक्षात या पॉलिसीत दोन भाग असतात. इतरांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या हानीची जबाबदारी घेणारा ‘थर्ड पार्टी’ विमा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा आहे. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा भाग ऐच्छिक असतो आणि वाद बहुधा तेथेच उद्भवतात.

कागदपत्रांत प्रथम पाहावयाचा आकडा ‘आयडीव्ही’चा. उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून घसारा वजा करून तो ठरतो. मोटार चोरीस गेल्यास भरपाईचा आधार हाच असतो. साहजिकच, हप्ता वाचविण्यासाठी आयडीव्ही कमी करून घेणे अंगलट येऊ शकते.

दुरुस्तीच्या दाव्यातही घसारा आड येतो. रबर, प्लास्टिकचे भाग, टायर व बॅटरी यांवर साधारणतः ५० टक्के कपात होते. काचेवर होत नाही. बारा हजार रुपयांच्या प्लास्टिक बंपरचे सहा हजारच ग्राह्य धरले जातात. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी एक हजार रुपयांची सक्तीची वजावट झाली, की हाती पाच हजार पडतात. ‘झिरो डेप्रिसिएशन’चे जोडसंरक्षण ही घसाऱ्याची कपात टाळते, सक्तीची वजावट मात्र कायम राहते.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या प्रलयाची आठवण असेलच. पुराने झालेले नुकसान पॉलिसीत अंतर्भूत असते. तथापि, पाण्यात उभी असलेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरून इंजिन निकामी होते. हे नुकसान पुराचे नव्हे, तर मागाहून ओढवलेले असल्याचे सांगून विमा कंपन्या असे दावे नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. अशा वेळी चावी न फिरवता मोटार ओढून नेणे व कंपनीस तत्काळ कळविणे, हेच श्रेयस्कर.

‘नो क्लेम बोनस’ही नीट तपासावा. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा न केल्यास त्या भागाच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के व पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. पॉलिसी संपून नूतनीकरणास ९० दिवसांहून अधिक विलंब झाल्यास ती बुडते. हा बोनस मोटारीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे जुनी मोटार घेणाऱ्यास तो मिळत नाही.