धुण्याचं मशीन : चार कामं, चार बिघाड



आज धुण्याच्या मशीनबद्दल बोलू या. आता गावात बऱ्याच घरांत मशीन आलंय. कुणी गटाच्या कर्जातून घेतलं, कुणाला लेकाने आणून दिलं. पण काही घरांत त्यावर जुनी साडी टाकलेली असते आणि वर डबे मांडलेले असतात. विचारलं तर उत्तर येतं, "बिघडलंय, मिस्त्री यायचाय."

आमच्याकडेही तसंच झालं. मशीनमधलं पाणी निघेना. दोन महिने मी हाताने धुणं काढलं. मग तालुक्याहून मिस्त्री आला. केळीला पाणी जावं म्हणून आम्ही मागचा पाइप कट्ट्यावर चढवला होता. त्याने तो खाली सोडला आणि पाणी भळाभळा निघून गेलं. त्याला साडेतीनशे रुपये दिले. पण मनाला लागलं ते वेगळंच. पाणी चढावर जात नाही, हे मला शेतात दारं धरताना कळतं. मग घरात का कळलं नाही? मशीन म्हटलं की आपण आपली अक्कल बाजूला ठेवतो. म्हणून मी त्या मशीनचा इतिहास वाचायला घेतला.

धुणं म्हणजे मुळात चार कामं : पाणी आणायचं, कपडे घोळायचे, पिळायचे आणि मळकं पाणी टाकायचं. आपल्याकडे बारा बलुतेदारांत परीट होते, त्यांना धान्याचं बलुतं मिळे. तरी बहुतेक घरांत रोजचं धुणं बाईच्याच अंगावर असे. अमेरिकेतही आठवड्यातला अख्खा दिवस, बहुधा सोमवार, धुण्यात जाई. ही चार कामं मशीनने एकेक करून उचलली. म्हणून मशीन अडलं की आधी विचारायचं, चारांतलं कोणतं काम थांबलंय?

पहिलं घोळणं. १८५१ साली अमेरिकेत जेम्स किंग यांनी फिरत्या पिंपाच्या मशीनचं पेटंट घेतलं. पिंप फिरे, पण दांडा हातानेच फिरवावा लागे. आज तो दांडा मोटर फिरवते. मोटर गुणगुणते पण तळाची चकती फिरत नाही, असं झालं तर लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. कपडे जास्त झालेत का, व्होल्टेज कमी आहे का, चकतीखाली नाडी किंवा नाणं अडकलंय का, ते बघा. रिकामी चकती फिरते आणि कपडे टाकले की थांबते, तर बहुधा खालचा पट्टा सैल झालाय. तो मिस्त्रीकडून बदलून घ्या.

दुसरं पिळणं. पूर्वी दोन लाटण्यांसारख्या रुळांमधून कपडा ओढून पिळत. वीज आल्यावर हे रूळ आपोआप फिरू लागले आणि कपड्याबरोबर बोटं, केस, बाह्याही आत ओढल्या जाऊ लागल्या. आज झाकण नीट लागलं नाही तर पिळायचा टब फिरतच नाही. तो बिघाड नाही, आपली बोटं वाचवायची सोय आहे. आधी झाकण दाबून बघा.

मशीन धडधडत असेल तर कपडे एका बाजूला जमलेत किंवा मशीनचा एक पाय अधांतरी आहे. कपडे सारखे पसरा, पाय टेकवा. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीचं सगळी कामं आपोआप करणारं मशीन आलं. ते इतकं हादरे की जमिनीला बोल्टने पक्कं करावं लागे!

तिसरं पाणी भरणं. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाइप बसतो तिथे बारीक जाळी असते. बोअरची रेती आणि क्षार तिथे साचतात आणि पाणी येईनासं होतं. नळ बंद करा, प्लग काढा आणि जाळी जुन्या टूथब्रशने घासा.

चौथं पाणी टाकणं. आपल्याकडच्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक मशीनना पाणी बाहेर फेकायचा पंप नसतो. पाइप खालीच हवा. माझं चुकलं ते इथेच. पाइप खाली असूनही पाणी तुंबलं, तर त्यात सुतांचा बोळा असतो.

आता विजेचं. शिकागोच्या हर्ली कंपनीसाठी काम करणाऱ्या अल्वा फिशर यांना १९१० साली विजेवरच्या मशीनचं पेटंट मिळालं. त्या काळच्या मशीनमध्ये मोटर टबाखाली उघडीच असे. तिच्यावर पाणी ठिबके आणि झटका बसे. आज मोटर झाकलेली असली तरी पाणी आणि वीज शेजारीच आहेत. हाताला झिणझिण्या आल्या तर मशीनला परत हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. मागचं झाकण आपण उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

एक शेवटची गोष्ट. अमेरिकेच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की यंत्रं आली तरी बाईचं काम कमी झालं नाही. पूर्वी धुलाईला बाहेर जाणारं किंवा मदतीला बाई घेऊन होणारं धुणं घरातल्या एकटीवर आलं. कपडेही जास्त वेळा धुतले जाऊ लागले. आपल्याकडेही तेच चाललंय ना? "मशीन आहे की," म्हणून एकदा घातलेला सदरा धुण्यात पडतो. बटण दाबायला बाईचाच हात लागतो असं थोडंच आहे?

आणि दुरुस्ती पुरुषांचीच असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात गावच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. हप्ता आपण भरतो, तर वस्तूची ओळखही आपणच करून घेऊ. पुढच्या बैठकीला ज्या घरी मशीन आहे तिथे जमा. प्लग काढून ही चार कामं कुठे होतात ते एकेकीने बोट ठेवून दाखवायचं. ज्या मशीनवर साडी टाकलीय, तिथूनच सुरुवात करू.