भरतीची पट्टी आणि दमेकऱ्याची छाती

सैन्यभरतीच्या मैदानावर सोळाशे मीटरच्या धावेत पहिल्या गटात आलेला मुलगाही वैद्यकीय तपासणीत दमा निघाला की बाद होतो. घरच्यांना आणि गावाला तो निकाल त्याच्या शरीराबद्दलचे अंतिम सत्य वाटतो, कारण तो डॉक्टरने दिलेला असतो. गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांचा भरतीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. सैनिक म्हणून कोण चालेल याची रेषा तीन गोष्टींनी आखली: वैद्यकाला त्या काळी काय कळत होते, लढाईला कोणते काम हवे होते आणि माणसे किती कमी किंवा जास्त पडत होती. पहिल्या दोन कारणांनी रेषा हलली तेव्हा सैन्याचेही भले झाले आणि माणसाचेही. केवळ तिसऱ्या कारणाने हलली तेव्हा दोघांनाही भोगावे लागले. दम्याबद्दलचा नियमही याच कसोटीवर घासून पाहायला हवा.

निव्वळ संख्येसाठी रेषा कशी हलते, हे १९१४च्या ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसते. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा किमान उंची पाच फूट तीन इंच होती. स्वयंसेवकांची इतकी झुंबड उडाली की त्यांना ठेवायला बराकी आणि द्यायला गणवेश पुरेनात, तेव्हा सप्टेंबरात ती एकदम पाच फूट सहा इंच करण्यात आली. गर्दी ओसरताच ऑक्टोबरात ती पाच फूट चारवर आणि नोव्हेंबरात पुन्हा पाच फूट तीनवर आली. त्याच सुमारास बर्कनहेड येथे त्याहूनही बुटक्या माणसांच्या 'बँटम' पलटणी उभ्या राहू लागल्या. पहिल्या बँटम पलटणींत खाणकामगार पुष्कळ होते. उंची कमी, पण अंगात ताकद भरपूर. हा साठा संपल्यावर मात्र नुसता बुटका म्हणून कोणीही घेतला जाऊ लागला आणि १९१६च्या अखेरीस बँटमांच्या ३५व्या डिव्हिजनमधून हजाराहून अधिक माणसे तपासणी करून काढावी लागली. कामाचा विचार करून सैल केलेला नियम टिकला. आकडा भरण्यासाठी सैल केलेला नियम सैन्याच्याच अंगाशी आला.

महाराष्ट्राने हे अधिक कठोर रूपात अनुभवले आहे. इंग्रजांच्या मुंबई लष्करात महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. १८१८च्या कोरेगावच्या लढाईतही ते होते. १८९०च्या दशकात 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताचे प्रस्थ वाढले आणि त्यांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबुवा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१मध्ये ती मोडण्यात आली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये, महार रेजिमेंट स्थापन झाली. इथे आजाराचा प्रश्नच नव्हता. तरीही जातीवरून दिलेला नकार लढण्याच्या पात्रतेच्या भाषेत मांडला गेला आणि गरज पडताच तो मागे घेतला गेला. शास्त्राच्या नावाने दिलेला प्रत्येक निकाल शास्त्राचाच असतो असे नाही, हे या इतिहासातून शिकायचे आहे.

मग तपासणीच निरर्थक म्हणायची का? नाही. तपासणी प्रामाणिकपणे झाली तेव्हा तिने फार मोठे काम केले. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली आपल्या श्वासमापक यंत्राचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सैनिक, खलाशी, पोलीस अशा दोन हजारांहून अधिक माणसांच्या फुप्फुसांत किती हवा मावते, हे त्याने मोजले होते आणि सैन्यभरतीत अशा मोजणीचा उपयोग होईल असे त्याला वाटत होते. पुढे ब्रिटनच्या बोअर युद्धाच्या वेळी, १८९९मध्ये, मँचेस्टरला भरतीसाठी आलेल्या सुमारे ११ हजार तरुणांपैकी ८ हजारांच्या आसपास नाकारले गेले. देशाचे रक्तच बिघडले, अशी ओरड झाली. सरकारने नेमलेल्या समितीने १९०४च्या अहवालात हे मानले नाही; दोष तिला आनुवंशिकतेत नव्हे, तर गरिबी, कोंदट घरे आणि अपुरे अन्न यांत दिसला. त्यानंतर १९०६मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा. नाकारलेल्या माणसांची दखल घेतली गेली म्हणून पुढच्या पिढीच्या पोटात चार घास गेले.

याउलट १९१७च्या वसंतात ब्रिटनने कायदा करून पूर्वी नाकारलेल्या माणसांना पुन्हा तपासणीस बोलावले. आजारी आणि अधू माणसेही 'चालतील' म्हणून पुढे ढकलली जात आहेत, असा संताप उसळला. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि तपासणीचे काम युद्ध खात्याकडून काढून नागरी मंत्रालयाकडे सोपवण्यात आले. ज्याला माणसे हवीत त्यानेच पात्रता ठरवू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. नव्या मंडळांनी वर्षभरात सुमारे २४ लाख पुरुष तपासले आणि त्यांच्या चार श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत बसले ते शंभरातले केवळ छत्तीस. याच काळात थॉमस लुईस हा हृदयतज्ज्ञ धाप लागणाऱ्या आणि छाती धडधडणाऱ्या सैनिकांचा अभ्यास करत होता. अशांना हृदयरोगी ठरवून महिनोन्‌महिने खाटेवर झोपवून ठेवण्याची रीत होती. लुईसने त्यांना टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम दिला आणि कोणाला कितपत श्रम झेपतात ते पाहिले. त्यांतल्या पुष्कळांच्या हृदयात दोष नव्हता; काही पुन्हा कामावर गेले, काहींना हलके काम मिळाले. रोगाच्या नावाऐवजी प्रत्यक्ष श्रमावरून माणूस जोखण्याची ही पद्धत त्यामुळे सैन्यात रुजली.

दमेकऱ्यालाही असेच श्रमावरून जोखावे, या म्हणण्यावर खरा आक्षेप असा, की दमा हा धूळ, धूर, थंडी आणि धावपळ यांनी उसळणारा आजार आहे आणि रणांगणावर या चारही गोष्टी अटळ असतात. झटका आलेल्या जवानाला सांभाळताना त्याच्या सोबत्यांचाही जीव धोक्यात येतो. हा आक्षेप भक्कम आहे. क्रांतिकारक अर्नेस्तो चे गेवारा याला दम्यामुळे अर्जेंटिनाच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळले होते. तरी तो क्युबाच्या डोंगरांत लढला. त्याचे उदाहरण देणारे बहुधा तिथेच थांबतात. १९६७मध्ये बोलिव्हियाच्या जंगलात त्याचा औषधांचा दडवलेला साठा शत्रूच्या हाती लागला आणि दम्याने त्याला इतके जेरीस आणले की चालणेही कठीण झाले. जिथे औषध पोहोचण्याची खात्री नाही, तिथे दमेकऱ्याला पाठवणे चूकच. पायदळासाठी नियम कडक हवा, यात दुमत नाही.

परंतु हा आक्षेप ठरावीक कामाला लागू पडतो, सगळ्या सैन्याला नाही. कॅनडाच्या सैन्याने १९४३मध्ये 'पुलहेम्स' पद्धत आणली. तिच्यात शरीराच्या प्रत्येक क्षमतेला वेगळा दर्जा मिळतो आणि त्यावरून काम ठरते. भारतीय सैन्यातील 'शेप' वर्गवारीही याच विचाराची: मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांचे स्वतंत्र दर्जे. नोकरीत असलेल्या जवानाला आजार झाला तर त्याला लगेच घरी न पाठवता झेपेल ते काम देता येते, ते यामुळेच. ज्ञान वाढले तसे दम्याचे चित्रही बदलले. साल्ब्युटामॉलचा इनहेलर १९६९मध्ये आला, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड १९७२च्या सुमारास. बालपणीचा दमा पुष्कळांच्या बाबतीत वाढत्या वयात शमतो, हे लक्षात घेऊन अमेरिकेच्या २००४च्या नियमांनी तेराव्या वाढदिवसानंतरही टिकलेल्या दम्यालाच अपात्रतेचे कारण मानले. हा बदल ज्ञानातून आला, म्हणून त्याचा विचार भारतातही व्हायला हवा.

नियम सैल केला तर लपवाछपवी वाढेल, अशी भीती काहींना वाटते. वास्तविक लपवाछपवी वाढते ती सरसकट नकाराने. खरे सांगितले की दार बंदच होणार असेल, तर मुलगा इनहेलर घरी ठेवून मैदानावर येतो आणि हे त्याच्या जिवासाठी सर्वांत धोक्याचे असते. खरे सांगणाऱ्याची श्रमचाचणी होईल, त्याचा दर्जा ठरेल आणि त्याला साजेसे काम असेल तर तेही मिळू शकेल, एवढी हमी असली तर खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही. ज्याला कोणतेच काम देता येणार नाही, त्यालाही नकाराचे कारण आणि उपचाराचा रस्ता समजलाच पाहिजे. १९०४च्या समितीने नाकारलेल्यांकडे पाहून देशाचे आरोग्य सुधारायला घेतले, तसेच दरवर्षी मैदानावरून परत जाणाऱ्या आपल्या मुलांची नोंद सार्वजनिक आरोग्याच्या कामी यायला हवी. सैन्याला नकार देण्याचा अधिकार आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण तो नकार एका कामापुरता आहे, माणसाच्या किमतीबद्दल नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरने त्या मुलाला तिथेच, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.