जुन्या मोटारींचे नवे पत्रे

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हटला कीं ऐकणाराचें लक्ष प्रथम तिच्या यंत्राकडे जातें. वस्तुतः यंत्र हा त्यांतला सोपा भाग होय. झिजलेला दट्ट्या बदलतां येतो, मोडलेलें दांतेरी चक्र नवें करून घेतां येतें. मोटारीचा खरा काळ म्हणजे गंज, आणि तो लागतो पत्र्याला. म्हणून इंग्लंडांत जुन्या मोटारी जगविण्याचा जो उद्योग उभा राहिला, त्याचा इतिहास बव्हंशीं नव्यानें घडविलेल्या पत्र्यांचा इतिहास आहे. तो मी एकाच गाडीच्या आधारें सांगणार आहें. ती गाडी म्हणजे ‘एम्. जी. बी.’

ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. पांच लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या व त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. तिच्या आधींच्या ‘एम्. जी. ए.’ला स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे व वरचें अंग त्यावर चढविलेलें असे. एम्. जी. बी.ला तसा सांगाडा नाहीं. पत्र्याच्या पेट्या एकमेकींस जोडून सबंध अंगच भार वाहणारें केलेलें आहे. दाराखालीं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पेटी जाते, तीच या उघड्या गाडीचा कणा. तिला ‘सिल’ म्हणतात. बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा आणि दोहोंमध्यें उभा पडदा अशी तिची रचना. शिवाय बाहेरच्या पत्र्याचीं टोकें मडगार्डांखालीं दडलेलीं. हिवाळ्यांत तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात. तें खारें पाणी या पेटींत शिरतें आणि ती आंतून खाल्ली जाते. वरून रंग शाबूत, आंत नुसता भुगा!

आतां पत्रा घडतो कसा तें पाहूं. मोटारीचें मडगार्ड कारखान्यांत हातोडीनें घडवीत नाहींत. सपाट पत्रा प्रचंड दाबयंत्रांत दोन जड ठशांमध्यें धरून दाबतात. कामगार या ठशांना ‘डाय’ म्हणतात. पहिल्या दाबांत आकार येतो, मग कडा कापल्या जातात, भोंकें पडतात, कडा दुमडल्या जातात, आणि बहुधा प्रत्येक क्रियेचा ठसा निराळा. यांत खुबी अशी कीं, दाब निघतांच पोलाद थोडेंसें मूळपदावर येऊं पाहतें. म्हणून ठसा घडविणारा कारागीर पत्रा किंचित् अधिक वांकेल अशीच योजना करतो. किती अधिक, हें त्याला अनुभवानें, चुकत चुकत कळलेलें असतें. तें ज्ञान कागदावर फारसें उतरत नाहीं. तें ठशांतच राहतें.

१९८० च्या ऑक्टोबरांत अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला. गाड्या मात्र रस्त्यावर होत्या आणि गंजत होत्या. मागणी तेथें पुरवठा, या न्यायानें नकली पत्र्यांचा धंदा फोफावला. नक्कल करणारापाशीं मूळ ठसा नसतो. तो एखादें तयार मडगार्ड घेतो व त्यावरून कमी खर्चाचे, संख्येनेंहि कमी असे ठसे करतो. टांकसाळींत पाडलेलें नाणें आणि त्या नाण्यावरून ओतलेलें नाणें यांत जो फरक, तोच येथें. ओतीव नाण्याचीं अक्षरें बोथट होतात, तशी नकली मडगार्डाची धारदार घडी गोल येते. त्यांतून मूळ पत्रा ठशांतून सुटतांना एकदां मागें आलेला. त्याबरहुकूम केलेल्या ठशांतून सुटतांना नवा पत्रा पुनः मागें येतो. मग दार आणि मडगार्ड यांमधली फट वर अरुंद व खालीं रुंद दिसूं लागते, आणि गिऱ्हाईक ती पुटीनें बुजवितें.

फट वांकडी दिसली तर एक वेळ चालेल. परंतु सिलच्या बाबतींत प्रश्न जिवाचा होता. कुजलेली सिल कापून न काढतां तिच्यावरच पातळ पत्र्याचें नवें आवरण झाळावयाचें, हा प्रकार इंग्लंडांत सर्रास चाले. गाडी चकचकीत दिसे. कणा मात्र आंत पूर्वींप्रमाणेंच कुजत राही. माझ्या मतें या धंद्यांतलें सर्वांत निंद्य काम हेंच.

अशा वेळीं मूळ ठशांची आठवण झाली. १९७५ सालीं ब्रिटिश लेलंड या उद्योगसमूहानें आपल्या जुन्या वाहनांचा वारसा सांभाळण्यासाठीं जी शाखा काढली होती, ती पुढें ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या नांवानें प्रसिद्धीस आली. तेथील डेव्हिड बिशप यांनीं एम्. जी. बी.चे ठसे हुडकण्याचें मनावर घेतलें. ते एके ठिकाणीं नव्हते. विखुरलेले ठसे गोळा करून दुरुस्त करावे लागले; पत्रे जुळवून धरणाऱ्या चौकटी उभ्या कराव्या लागल्या. अखेर १९८८ सालीं फॅरिंग्डन येथें एम्. जी. बी.चें सबंध अंग पुनः तयार होऊं लागलें. गाडी बंद होऊन आठ वर्षें लोटल्यावर तिचें कोरें अंग विकत मिळावें, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासांत अपूर्वच म्हटली पाहिजे. तिचें फळहि चमत्कारिक निघालें. याच अंगाचा पाया घेऊन रोव्हर समूहानें १९९२ सालीं आठ नळकांड्यांची ‘आर्. व्ही. ८’ ही गाडी जाहीर केली. १९९५ पर्यंत तशा सुमारें २,००० गाड्या झाल्या व बहुतेक जपानांत खपल्या.

मूळ ठशांतून निघालेला पत्रा आपोआप चपखल बसतो, अशी मात्र समजूत नको. ठसेहि झिजतात. शिवाय गाडीच्या आयुष्यांत पत्रा बदलत गेला. अमेरिकेच्या नियमांसाठीं १९७४ सालीं रबरी वळणाचा जाड काळा बंपर आला, पुढचे इशाऱ्याचे दिवे मडगार्डांतून त्या बंपरांत गेले आणि मडगार्डाचा आकार पालटला. १९६५ च्या गाडीला १९७६ चें मडगार्ड कसें बसावें? आणि नवी गाडी तरी पूर्वीं कारखान्यांत सहज जुळत होती काय? तेथेंहि कामगार लांकडी ठोकळा व मोगरी घेऊन दारें बसवीत असत. प्रत्येक अंग शेजारच्यापेक्षां केसभर निराळें उतरे.

कित्येकदां पत्रा निर्दोष असतो व दोष बसविणाराचा असतो. उघड्या गाडीची सिल खालून आधार न देतां कापली कीं गाडी मध्यें लवते व दाराची फट आवळते. त्या स्थितींत नवी सिल झाळली तर ती लवण कायमची होते आणि शिव्या मात्र पत्रा करणाराला बसतात. म्हणून जाणता कारागीर गाडी नीट पेलून धरतो, दार बिजागऱ्यांवर टांगतो, सिल चिमट्यांनीं नुसती अडकवितो, पुढचें मडगार्ड बोल्टांवर सैल बसवितो. दार उघडून मिटून फट वरपासून खालपर्यंत तपासतो, पुनः सगळें सोडवितो, पुनः लावतो. यांत दोन-दोन दिवस जातात. झाळण्याची ज्योत त्यानंतर पेटते.