सोनोग्राफी रिपोर्ट आणि प्रेग्नन्सी ॲपमधले आकडे कसे वाचायचे? जाणून घ्या सोप्या भाषेत

सोनोग्राफीचा रिपोर्ट हल्ली फाइलीत लागायच्या आधी फॅमिली ग्रुपवर येतो. त्यात असतात सीआरएल, बीपीडी, एएफआय, ईएफडब्ल्यू असे शब्द आणि प्रत्येकापुढे एकेक आकडा. मग कोणी गूगल करतं, कोणी ॲप उघडतं, कोणी रिपोर्टचा फोटो एआय चॅटबॉटला देतं. रिपोर्ट म्हणतो 31 आठवडे, ॲप म्हणतं 33. बरोबर कोण?

या लेखात आपण पाहू की हे आकडे कुठून येतात, त्यांचा अर्थ काय, आणि कोणत्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. ताई, वहिनी, मैत्रीण, बायको किंवा तुम्ही स्वतः, घरात कोणीही गरोदर असेल तर ही माहिती उपयोगी पडेल.

ॲप आठवडे कसे मोजतं?

प्रेग्नन्सी ॲप सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतं: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. रिपोर्टवर यालाच एलएमपी म्हणतात. त्यात 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. तिला ईडीडी म्हणतात.

हे गणित हातानेही करता येतं. पाळीच्या तारखेत 7 दिवस मिळवा आणि 3 महिने मागे जा. एलएमपी 10 जानेवारी 2025 असेल तर ईडीडी 17 ऑक्टोबर 2025. जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि बहुतेक ॲप्सच्या मागे हेच गणित असतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा:

- मोजणी पाळीपासून सुरू होते. गर्भ साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतो. म्हणून ॲप 8 आठवडे दाखवतं तेव्हा गर्भाचं खरं वय 6 आठवड्यांच्या आसपास असतं.
- हा नियम 28 दिवसांची पाळी गृहीत धरतो. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर गर्भही साधारण आठवडाभर उशिरा राहतो आणि तारीख तेवढीच पुढे जाते. पाळी अनियमित असेल तर ॲपच्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि हो, नेमकं ईडीडीच्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. 37 आठवड्यांच्या आधीची प्रसूती ही अपुऱ्या दिवसांची, तर 42 आठवड्यांच्या पुढे गेलेली दिवस उलटलेली समजतात.

सोनोग्राफी काम कशी करते?

सोनोग्राफीत एक्स-रे नसतो, आवाज असतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधले क्रिस्टल साधारण 2 ते 10 मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतात. माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. लहरी हाड, स्नायू, पाणी यांच्या सीमांवर आदळून परत येतात. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरून, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर काढतं आणि चित्र बनवतं. पोटावर जेल लावतात कारण मध्ये हवा राहिली तर लहरी आत जातच नाहीत.

ग्लासगोमध्ये डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 साली 'द लॅन्सेट'मध्ये यावरचा शोधनिबंध छापला. गरोदरपणातल्या सोनोग्राफीची सुरुवात तिथून मानली जाते.

कोणती सोनोग्राफी कधी?

- 6 ते 9 आठवडे: गर्भ गर्भपिशवीतच आहे ना, एक आहे की जुळी, ठोके दिसतात का, हे पाहतात. गर्भ नळीत राहिला असेल तर ते इथेच कळतं. नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ही तपासणी टाळू नका.
- 11 ते 13 आठवडे 6 दिवस: एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. ती जास्त असेल तर डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची शक्यता वाढते. हा निदानाचा रिपोर्ट नसतो, पुढची तपासणी हवी का ते यावरून ठरतं.
- 18 ते 20 आठवडे: ॲनॉमली स्कॅन. मेंदू, हृदय, पाठीचा कणा, किडनी, ओठ, हातपाय एकेक करून पाहतात. हा वेळेत करा. 2021 च्या कायदा दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. 24 नंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. उशीर झाला की निर्णयाला वेळच उरत नाही.
- 28 आठवड्यांनंतर: ग्रोथ स्कॅन, गरजेनुसार डॉप्लरसह. बाळाची वाढ, पाणी आणि वारेतून होणारा रक्तपुरवठा पाहतात.

रिपोर्टमधले शब्द

- सीआरएल: डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. पहिल्या तीन महिन्यांत वय ठरवायचं सगळ्यात भरवशाचं माप. चूक झाली तरी साधारण 5 ते 7 दिवसांची.
- बीपीडी, एचसी, एसी, एफएल: अनुक्रमे डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी.
- ईएफडब्ल्यू: अंदाजे वजन. हे बाळाला काट्यावर ठेवून घेतलेलं नसतं, वरच्या मापांवरून सूत्राने काढलेलं असतं. त्यात 10 ते 15 टक्के फरक पडू शकतो. म्हणजे रिपोर्टवर 3 किलो असेल तर बाळ 2.6 किंवा 3.4 किलोचंही निघू शकतं.
- एफएचआर: बाळाचे ठोके. मिनिटाला 110 ते 160 सर्वसाधारण मानतात.
- एएफआय: गर्भजलाचं माप. साधारण 5 ते 25 सेंटीमीटर ठीक. 5 च्या खाली म्हणजे पाणी कमी.
- प्लॅसेंटा: म्हणजे वार. 'अँटीरियर' म्हणजे पुढच्या बाजूला, 'पोस्टीरियर' म्हणजे मागच्या बाजूला. दोन्ही नॉर्मल. 'लो लाइंग' म्हणजे वार खाली आहे. पाचव्या महिन्यात असं लिहिलेलं असलं तरी गर्भपिशवी वाढते तशी बहुतेक वेळा वार वर सरकते. 'प्रीव्हिया' शेवटपर्यंत राहिलं तर सिझेरियन करावं लागतं.
- सेफॅलिक, ब्रीच: डोकं खाली म्हणजे सेफॅलिक, पाय किंवा ढुंगण खाली म्हणजे ब्रीच, आपण पायाळू म्हणतो ते. सातव्या महिन्यात पायाळू असलेली बरीच बाळं नंतर आपोआप फिरतात.
- डॉप्लर: नाळेतला रक्तप्रवाह. इथे 'ॲबसेंट' किंवा 'रिव्हर्स्ड डायस्टोलिक फ्लो' असे शब्द दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सगळ्यात मोठी चूक: प्रत्येक रिपोर्टनुसार तारीख बदलणं

प्रत्येक सोनोग्राफीत मशीन त्या दिवशीच्या मापांवरून नवीन ईडीडी छापतं. बरेच जण ती नवीन तारीख ॲपमध्ये भरतात. हे करू नका.

कारण असं की पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाच्या मापावरून वय कळतं. पुढे काही बाळं मोठी, काही लहान होतात. शेवटच्या तीन महिन्यांत मापांवरून काढलेलं वय तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतं.

आता सुरुवातीचं उदाहरण घ्या. पहिल्या सोनोग्राफीनुसार 33 आठवडे झालेत, आजचा रिपोर्ट 31 म्हणतो. याचा अर्थ तारीख चुकली असा नाही, तर बाळ 31 आठवड्यांच्या बाळाएवढं भरतंय. कदाचित ते मुळातच लहान चणीचं असेल, कदाचित वारेतून पुरेसं पोषण मिळत नसेल. तुम्ही ॲपमध्ये तारीख बदललीत तर ॲप सगळं छान दाखवेल आणि वाढ मागे पडलेली झाकली जाईल. डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीनंतर जी तारीख पक्की केली, तीच शेवटपर्यंत ठेवा.

ॲपमधलं बाळ एका आठवड्यात 10 सेंटीमीटर वाढलं?

अनेक ॲप्समध्ये 19 व्या आठवड्यात बाळ 15 सेंटीमीटर आणि 20 व्या आठवड्यात एकदम 25 सेंटीमीटर दिसतं. बाळ काही रातोरात वाढत नाही. आधी माप डोक्यापासून ढुंगणापर्यंत असतं, कारण पाय दुमडलेले असतात. साधारण 20 व्या आठवड्यापासून ॲप टाचेपर्यंत मोजायला लागतं. बाकी लिंबू, केळं, पपई ही फळांची तुलना मजेसाठी ठीक आहे, वाढ तपासण्यासाठी नाही.

मोबाइल जे सांगू शकत नाही

मोबाइलच्या माइकवर किंवा घरगुती डॉप्लरवर ठोके ऐकवणारी साधनं मिळतात. त्यात आईचीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकू येऊन 'बाळ ठीक आहे' असा गैरसमज होऊ शकतो. बाळाची हालचाल कमी झाली असेल तर ठोके ऐकत बसू नका. शेवटच्या महिन्यांत जागा कमी म्हणून बाळ कमी हलतं, हाही गैरसमजच. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी व्हायला नको.

खालीलपैकी काहीही झालं तर लगेच हॉस्पिटलला जा, रात्र असली तरी:

- अंगावरून रक्त जाणं, दुखत नसलं तरी
- पाणी जाणं, विशेषतः हिरवट रंगाचं
- जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, झटके
- बीपी 140/90 किंवा जास्त
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं किंवा थांबणं
- 37 आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने कळा
- ताप, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं

महाराष्ट्रात 108 आणि 102 या दोन्ही नंबरांवर मोफत ॲम्ब्युलन्स मिळते. दोन्ही नंबर आताच सेव्ह करा. दर महिन्याच्या 9 तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते, तीही कॅलेंडरमध्ये टाका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठोक्यांवरून किंवा वारेच्या जागेवरून मुलगा-मुलगी कळतं का?
नाही. आणि सोनोग्राफीत लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. महाराष्ट्राने यासाठी 1988 मध्येच देशात पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा 1994 चा. अशा जाहिराती सर्च इंजिनवरही दिसू नयेत असे आदेश सुप्रीम कोर्टाने दिले आहेत.

रिपोर्ट चॅटबॉटला दाखवला तर चालेल?
शब्दांचा अर्थ समजून घ्यायला ठीक आहे. पण फोटोतले आकडे चुकीचे वाचले जाऊ शकतात, आणि त्याला बीपी, रक्त, आधीची बाळंतपणं काहीच माहीत नसतं. नाव आणि फोन नंबर झाकूनच फोटो द्या.

ॲपमध्ये भरलेली माहिती सुरक्षित असते का?
नेहमीच नाही. 'फ्लो' या प्रसिद्ध ॲपने वापरणाऱ्यांची आरोग्य माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. 2021 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी मागणाऱ्या ॲपला ती देऊ नका.

मोबाइलमध्ये काय जपून ठेवायचं?
पक्की ईडीडी, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन आणि बीपी, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि सगळ्या रिपोर्टचे स्पष्ट फोटो एका फोल्डरमध्ये. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते ठळक लिहा, कारण तिला अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. हे फोल्डर घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही असू द्या. ऐनवेळी तिचा फोन लॉक असेल, आणि समोरचे डॉक्टर कदाचित तिला पहिल्यांदाच पाहत असतील.